मनुअक्काचा जबाब

५ जानेवारी १९७६, सोमवार

कारखान्याची नव्या वर्षाची डायरी मिळाली. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी मुलं तिच्यात चित्रं काढून फेब्रुवारीच्या आत तिचा निकाल लावतात. यंदा मी ती कपाटात कुलपाखाली ठेवली आहे, कारण यंदा लिहिण्याजोगं काहीतरी घडणार आहे.

आज चेअरमनसाहेबांनी शाळेत जीप पाठवली. मला वाटलं, त्यांच्या पुतण्याला इंग्रजीत गुण कमी दिले त्याची झाडाझडती असणार. तसं काही नव्हतं. आफ्रिकेतल्या घाना देशाच्या एक बाई आपल्याकडचा सहकार बघायला येणार आहेत. पंधरा दिवस मुक्काम आहे आणि दुभाषी म्हणून साऱ्या पंचक्रोशीत माझ्याशिवाय माणूस नाही, असं चेअरमन स्वतः म्हणाले. मी "बघतो" म्हणालो. चहा संपायच्या आत "हो" म्हणालो.

बाईंची माहिती टाइप केलेल्या कागदावर होती. नाव अदवोआ ब्रेम्पाँ, वय एकोणपन्नास. आधी प्राथमिक शिक्षिका. मग बाजारात बसणाऱ्या बायकांची संघटना बांधली, मग कोकोच्या बागांत राबणाऱ्या बायकांची. आता तिथल्या सरकारच्या एका समितीवर आहेत, बायकांच्या वारसाहक्काचा कायदा कसा असावा ते ठरवायला. चेअरमननी कागद घडी घालून मला दिला आणि म्हणाले, "गुर्जी, त्यास्नी कारखाना दाखवा, गाळप दाखवा, दवाखाना दाखवा. बाकीच्या भानगडीत पडू नका."

मी कशाला पडतो?

८ जानेवारी, गुरुवार

बाई आल्या. किर्लोस्करवाडी स्टेशनवर मी, जीपचा ड्रायव्हर केरबा आणि शेवंतीचा एक हार, असे तिघं हजर होतो. बाई उंच आहेत, चालणं झपाझप आहे, आणि अंगावर मोठ्या नक्षीचं असं कापड की फलाटावरची सगळी माणसं चहा विसरली. मी पाठ केलेलं स्वागताचं भाषण इंग्रजीत म्हटलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझंही इंग्रजी असंच होतं." मला फार बरं वाटलं.

दुपारी वजनकाट्यावर नेलं. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तोडकरी बायकांनी त्यांना गराडा घातला आणि नाव विचारलं. बाई म्हणाल्या, सोमवारी जन्मलेल्या मुलीला आमच्याकडं अदवोआ म्हणतात. "मग सोमाबाई म्हना की सरळ!" एक म्हातारी म्हणाली. तेव्हापासून त्या सोमाबाई झाल्या. त्यांनीही ते वहीत लिहून घेतलं.

ऑफिसात मात्र त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की हेडक्लार्कच्या कपाळाला आठ्या पडल्या. सभासद किती, हे त्यानं लगेच सांगितलं. त्यात बायका किती, हे बघायला अर्धा तास रजिस्टरं चाळली. अकरा निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींची नावं जमीन सीलिंगमध्ये जाऊ नये म्हणून नवऱ्यांनी लावलेली आहेत, हे क्लार्क मला कानात म्हणाला. मी ते भाषांतरात घेतलं नाही. पाहुण्यांसमोर घरचं सगळंच काढायचं नसतं.

११ जानेवारी, रविवार

आज जीपमध्ये बाईंनी त्यांच्याकडची वारसाची पद्धत सांगितली आणि मी सीटवर सरळ होऊन बसलो. त्यांच्या लोकांत म्हणे माणूस मेला की त्याची जमीन मुलाला जात नाही, बायकोला तर नाहीच नाही. ती जाते बहिणीच्या मुलाला! बायको वीस वर्षं नवऱ्याच्या बागेत कोको लावते, तण काढते, शेंगा फोडते. नवरा गेला की भाचा येतो आणि मामीला म्हणतो, आता तुझं इथं काय काम? हे बदलावं म्हणून या बाई गावोगाव फिरतात. एकेका गावात बायकांना बोलावतात, मग पुरुषांना बोलावतात, मग त्यांच्या मुखियाला. चार वेळा दारातून परत पाठवलं तर पाचव्यांदा जातात. समितीवर त्यांना उगाच घेतलेलं नाही.

मी म्हणालो, "बाई, आमच्याकडं हे सगळं फार व्यवस्थित आहे. मुलाला जमीन मिळते आणि मुलीला माहेर."

"कायद्यानं?"

"कायद्यानं मुलीलाही वाटा आहे. पण ती तो सोडते. भावाला लिहून देते."

"सगळ्याच?"

"चांगल्या घरातल्या सगळ्या," मी म्हणालो.

बाईंनी पुढं काही विचारलं नाही. बहुधा पटलं असावं. रात्री जेवताना माझ्या डोक्यात आलं, त्यांच्याकडचा कायदा असता तर आमची साडेचार एकरं माझ्या बहिणीच्या, मनुअक्काच्या, जोतीरामाला गेली असती! तो पलटणीत आहे, सीमेवर. मोठा गुणी पोरगा आहे, पण म्हणून काय झालं?

अक्काचं लिहायला हवं. वडील गेल्या आषाढात गेले. वारसनोंदीला मी आणि माझी थोरली बहीण मनुअक्का, असे दोघंच. गावात नदीवरून पाणी उचलायची योजना होते आहे आणि सोसायटीला एका गटाला एकच नाव हवं आहे, म्हणजे सह्यांचा घोळ नको. अक्का संक्रांतीला रहिमतपूरहून येईल. वीस तारखेला तलाठी घरी येऊन जबाब घेणार. कागद मी तयार ठेवला आहे. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं लोक म्हणतात, म्हणून गावातले झाडून सगळे हक्क सोडायचे कागद गेली वीस वर्षं मीच लिहितो. मजकूर तोच, नावं तेवढी बदलायची.

विहिरीखालच्या त्या रानाची आठवण म्हणजे मोट. वडील ब्रह्मदेशच्या लढाईवर होते, तेव्हा दोन वर्षं मोट अक्कानंच हाकली. चौदा वर्षांची होती. मी मोटेच्या नाड्यावर बसून झोके घ्यायचो आणि ती बैलांच्या मागं धावायची. ऊस तिनं जगवला म्हणून मी शाळेत गेलो, असं वडील चारचौघांत सांगायचे. मजेचे दिवस होते.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत झाली. अक्का परवाच आली. भावजी जाऊन सहा वर्षं झाली, तशी ती जरा वाळली आहे, पण आवाज तोच आहे. आल्या आल्या अंजनाला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला दाढी कर म्हनावं, मास्तर हाय का बुवा हाय?"

तिच्यासाठी मी सांगलीहून इरकल आणली होती. मातकट रंगाची, तिला शोभेल अशी. दुकानातली सगळ्यांत चांगली घेतली. अक्कानं पदर उलगडून बघितला, हात फिरवला.

"लय भारी आनलीस रं लाला. कशासाठी?"

"संक्रांतीची," मी म्हणालो.

तिनं घडी पुन्हा पहिल्यासारखी घातली. मग म्हणाली, "कागद कवा हाय?"

विषय तिनंच काढला म्हणून मी सुटलो. "मंगळवारी," म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडं गेली. अक्काचं हे असं आहे, तिला काही समजावून सांगावं लागत नाही. अंजना मात्र दोन दिवस गप्प गप्प आहे. संक्रांतीची कामं फार झाली असतील.

१८ जानेवारी, रविवार

आजचा दिवस जरा अवघडच गेला.

सोमाबाईंनी बायकांची सभा मागितली होती. नुसत्या सभेला कोण बायकांना पाठवणार? म्हणून चेअरमननी कारखान्याच्या हॉलमध्ये हळदी-कुंकू ठेवलं. युक्ती चांगली होती. हॉल भरून वाहिला. चेअरमनच्या बाईंनी सोमाबाईंना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली. "हे काय?" म्हणून त्यांनी मला विचारलं, मी म्हणालो, "स्वागताची खूण."

बाई छान बोलल्या. बाजारातल्या बायकांनी पावसात छत्र्या धरून सरकारी कचेरीसमोर तीन दिवस कसा ठिय्या दिला ते सांगितलं, तेव्हा बायका हसून हसून टाळ्या वाजवत होत्या. भाषांतर करताना मलाही रंग चढला होता. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "ज्यांचे नवरे वारलेत त्या बायका कुठं बसल्यात?"

मी चेअरमनच्या बाईंना म्हणालो, "पाहुण्या विचारतात, सगळ्या आल्यात का?"

"समद्या आल्यात की!"

"सगळ्या आल्यात म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी माझ्याकडं जी नजर टाकली, ती नजर मी वर्गात पोरांकडं टाकतो, ओळखीची आहे. मग मला सांगावंच लागलं, की हळदी-कुंकवाला विधवा येत नाहीत, रीत आहे, त्यांना कोणी वाईट वागवत नाही.

"तुमच्या घरून कोण आलंय?"

"माझी पत्नी."

"आणि सकाळी तुमच्या दारात तांदूळ पाखडत होती ती तुमची बहीण?"

"ती घरी आहे."

त्यांनी कपाळाला बोट लावलं. "माझे पती नऊ वर्षांपूर्वी वारले. मग हे मला चालतं का?"

"पाहुण्यांना चालतं," मी म्हणालो. समोरच्या बायका विचारत होत्या, "गुर्जी, काय म्हनत्यात ओ?" मी म्हणालो, "तिळगूळ आवडला म्हणतात." उगाच कशाला सगळ्यांचा विरस करायचा?

बाईंनी कुंकू पुसलं नाही. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाल्या, की चूक त्यांची स्वतःचीच झाली. जमिनीबद्दल ज्यांना विचारायचं त्याच बाहेर राहतील अशी सभा त्यांनी चालवून घेतली. उद्या दुपारी त्या बायकांना भेटायचं आहे, तुमच्याच दारात, आणि बोलावणं तुमच्या बहिणीनं करावं.

चेअरमन काय म्हणतील? पण पाहुण्यांना नाही तरी कसं म्हणणार?

१९ जानेवारी, सोमवार

अक्काला सकाळी सांगितलं. मला वाटलं ती संकोचेल. ती पदर खोचून गल्लीत गेली आणि दुपारी अंगण भरलं. गावात इतक्या विधवा आहेत हे मला माहीत नव्हतं. म्हणजे एकेकीला ओळखतो, पण सगळ्या एका ठिकाणी बसलेल्या कधी पाहिल्याच नव्हत्या. जात्याजवळ बनाबाई बसली होती. तिचाही कागद माझ्याच हातचा आहे. अंजना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

सोमाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, घोंगड्यावरच बसल्या. कालसारखं भाषण केलं नाही. त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांच्या मामाची कोकोची बाग होती. मामीनं ती झाडं लग्नाच्या वर्षापासून लावलेली. मामा वारला आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे बाग यांच्या भावाकडं आली. मामीनं घर सोडावं असं घरच्यांनी ठरवलं. भावाला लिहिता येत नव्हतं. घरात शिकलेली एकटी अदवोआ, नुकतीच शिक्षिका झालेली, अक्षर सुंदर. मामीनं बागेवर आणि घरावर काही हक्क सांगू नये, असा कागद तिनं आपल्या हातानं लिहिला. घरच्यांनी तिचं कौतुक केलं.

हे मी खाली मान घालून ऐकलं आणि मराठीत असं सांगितलं: "मामा वारल्यावर भावानं मामीला कागद करून घराबाहेर काढलं."

"मी याहून जास्त वेळ बोलले," बाई म्हणाल्या.

"मराठी आटोपशीर भाषा आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात अक्का बोलली. "पर कागद लिवला कुनी? त्या भावाला लिवाय येत हुतं का?"

अशा गोष्टीत कागद लिहिणारा कुणीतरी असतोच, हे या बायकांना चांगलंच ठाऊक आहे. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. दुसरा उपाय नव्हता. सोमाबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी काय गाळलं ते त्यांना त्या क्षणी कळलं. रागावल्या नाहीत. त्यांनी अक्काकडं वळून आपला तळहात आपल्याच छातीवर ठेवला आणि तसाच ठेवला.

भाषांतराची गरज पडली नाही.

"आन् मामी?" अक्कानं विचारलं.

मामी तिच्या भावाकडं गेली आणि दुसऱ्या वर्षी वारली. त्याआधी एकदा या क्षमा मागायला गेल्या होत्या. मामी त्याबद्दल काहीच बोलली नाही, निघताना यांच्या टोपलीत केळी घातली. बाई म्हणाल्या, "लोकांना वाटतं, मी हे काम पुस्तकं वाचून सुरू केलं." हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं.

बायका उठल्या तेव्हा कुणी माझ्याशी बोलली नाही. बनाबाई तेवढी जाताना म्हणाली, "गुर्जी, तुमचं अक्षर लय चांगलं, समदी म्हनत्यात." मी आभार मानले.

२० जानेवारी, मंगळवार

जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी अक्का म्हणाली, "सोमाबाईला बलीव. त्यास्नीबी बघू दे आमच्यात कसं करत्यात." मला काही वावगं वाटलं नाही. उलट आमच्याकडं हे किती गोडीगुलाबीनं होतं ते दिसेल, असं वाटलं. दहाला बाई आल्या. अक्का सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी कागद वाचून दाखवला, नेहमीसारखा घाईत. अक्का म्हणाली, "तिच्या भाषेत सांग."

मग मी माझाच मजकूर इंग्रजीत सांगू लागलो. मयत वडिलांच्या जमिनीत माझा वारसहक्क आहे. तो मी माझ्या भावाच्या लाभात स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडत आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही व पुढे असणार नाही. मराठीत हे घडाघडा जातं. इंग्रजीत एकेका शब्दापाशी थांबावं लागतं.

"'स्वखुशीने' हे तिनं सांगितलं, की तुम्ही लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"असंच लिहायचं असतं."

"मग तिला एकदा विचारा. मी थांबते."

वीस वर्षं हा शब्द मी लिहितो आहे. तो प्रश्न म्हणून तोंडातून कधी काढला नव्हता. हसावं की काय ते कळेना.

"अक्का," मी म्हणालो, "हे तू खुशीनं देतीयास न्हवं?"

तिनं तांदळातला एक खडा काढला, अंगणात टाकला.

"न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई. खुशी कसली आलीया त्यात? देती म्हनलंय, देती. तू एकला भाऊ हायस. तुझ्याशी वाकडं घिऊन म्या माहेराला जायाचं कुठं? म्हनून देती. पर खुशीनं न्हाई. ते रान म्या पाजलंय, लाला. एवढी वरसं कुनी इचारलं न्हाई म्हनून बोलले न्हाई. आज इचारलंस, सांगितलं."

मी ते सगळं बाईंना सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. गाळायचं सुचलंच नाही.

अक्का म्हणाली, "आता तेवढं खोटं खोडून टाक, आन् अंगठा कुठं लावायचा ते दाव."

मी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. रेघ वाकडी आली. माझ्या कागदावर आजवर खाडाखोड नव्हती.

अकराच्या ठोक्याला तलाठी हजर. आणीबाणीपासून तेही वेळेवर येतात. पोरगेलेसे आहेत, साताऱ्याचे. चहा घेतला, कागद वाचला आणि थांबले.

"गुरुजी, हे काय खोडलंय?"

मी सांगितलं. अक्का देते आहे, पण खुशीनं नाही.

"मग हा जबाब होत नाही. बाई समोर बसून खुशी नाही म्हणतायत, तर मी काय म्हणून नोंद धरू? उद्या चौकशी लागली तर माझी नोकरी जाईल. शब्द परत घाला, नाहीतर कागद परत घ्या."

सगळे अक्काकडं बघू लागले. मी म्हणालो, "अक्का, एका शब्दाचा प्रश्न हाय. समद्याच बायका..."

"समद्यांस्नी कुनी इचारलं हुतं?" अक्का म्हणाली. "मला तू इचारलंस. म्या माझ्या तोंडानं न्हाई म्हनले, या बाईच्या देखत. आता व्हय म्हनले तर ती तिच्या देशात जाऊन काय सांगंल? हितल्या बायका भावाला भिऊन खोटं बोलत्यात म्हनून?" मग तलाठ्यांकडं वळून म्हणाली, "आवं, खुशीबिगर हा कागद हुईतच न्हाई?"

"नाही होत."

"मग न्हाई हुईत."

तलाठ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. त्यांनी दुसरा कागद काढला, वारस म्हणून दोघांची नावं लिहिली. थोरली म्हणून अक्काचं आधी. माझ्या वीस वर्षांच्या कागदांना जेवढा वेळ लागत होता त्याहून कमी वेळात झालं.

मला राग आला. लाजही वाटली, पण आधी राग आला, खोटं कशाला लिहू? सोमाबाईंनी जाताना अक्काच्या हातातलं सूप घेऊन थोडे तांदूळ निवडले आणि गेल्या. मी दुपारी जेवलो नाही. अक्का जेवली.

तिन्हीसांजेला अंजना भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, माझ्या भावानं कागद केला, त्यावरबी 'खुशीनं'च लिवलं हुतं?"

"तेच लिहितात."

"कुनी लिवला हुता?"

"मीच. तुझ्या भावानं गळ घातली होती."

"मला इचारलं न्हाईसा."

"तू सही केलीस की!"

भाकरी करपली. लग्नापासून अंजनाची भाकरी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली. जमिनीला दुसरं नाव लागल्याचं तिलाही लागलेलं दिसतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

सोमाबाई गेल्या. स्टेशनवर पोहोचवायला अक्कासुद्धा आली, आणि बनाबाई, आणि आणखी चार-पाच जणी. गाडीला उशीर होता. बाईंनी वही काढून मला एक पान दाखवलं. त्यांच्या देशात जो मसुदा चालला आहे त्यात एक कलम त्यांना सुचवायचं आहे: बाई हक्क सोडत असेल तर ते तिला तोंडी विचारावं, आणि विचारताना तिचा भाऊ किंवा भाचा बाहेर उभा असावा.

"मी तर समोरच होतो," मी म्हणालो.

"तुमची बहीण धीट आहे. कायदा भित्र्या बायकांसाठी लिहायचा असतो."

मला बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं ते मी विचारलं. माझं भाषांतर कसं झालं?

"मंगळवारचं फार चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

गाडी सुटताना अक्का त्यांना म्हणाली, "परत या. मामीवरनं जिवाला लावून घिऊ नगा आता." ते मी खिडकीबरोबर पळत पळत सांगितलं. उत्तर ऐकू आलं नाही. त्यांनी डोळ्यांना कापड लावलेलं दिसलं.

परत आलो तर कारखान्याचं बोलावणं. चेअरमन बसा म्हणाले नाहीत. "गुर्जी, भानगडीत पडू नका म्हनलं हुतं. कालपास्नं गावातल्या दोघी बहिनी भावाकडनं वाटा मागाय तलाठ्याकडं जाऊन आल्यात. आता गावाला काय सांगू?" पुढच्या वर्षी डायरी मिळेल असं वाटत नाही.

२५ जानेवारी, रविवार

खालच्या गल्लीतला आकाराम आला. बहिणीचा हक्कसोडीचा कागद लिहून पाहिजे. मी म्हणालो, "बहिणीला घेऊन ये. तिला विचारतो, मग लिहितो."

"काय इचारता?"

"खुशीनं देते का ते."

आकाराम हसला. "चेष्टा करता व्हय गुर्जी!" मी चेष्टा करत नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ उंबऱ्यावर बसला, मग उठून गेला. संध्याकाळी कळलं, कुंडलच्या एका लिहिणाऱ्याकडून त्यानं काम करून घेतलं. अक्षर काही खास नाही त्याचं. माझ्या नकारानं त्याच्या बहिणीचं काय भलं झालं, हे मला समजत नाही. पण तो शब्द मला आता लिहवत नाही, एवढं खरं.

अंजना आज स्वतःहून बोलली. तिला माहेरी जाऊन यायचं आहे. "भावाला भेटाय," म्हणाली. मी म्हणालो, जा की, चार दिवस हवापालट होईल.

२७ जानेवारी, मंगळवार

अक्का कालच जाणार होती. सोसायटीच्या अर्जावर आता तिचीही सही लागते, म्हणून थांबली, असं मी समजत होतो. काल झेंडावंदनानंतर ती झालीसुद्धा. सह्यांचा घोळ होईल म्हणणाऱ्या सेक्रेटरीनं दोन रेघा आखल्या, एकीवर तिचा अंगठा घेतला, दुसरीवर माझी सही. संपलं.

आज सकाळी उठलो तर ती घरात नाही. दिवस कासराभर वर आला तेव्हा रानातून आली. घोट्यापर्यंत चिखल होता.

"लाला, वड्याकडच्या चार सऱ्यास्नी पानी पोचत न्हाई. ऊस पिवळा पडलाय."

"तिथं चढ हाय अक्का. बघू सुट्टीत."

"सुट्टीत न्हाई. वाटप करताना त्याच चार सऱ्या माझ्याकडं ढकलशील."

मी हसलो. अक्का हसली नाही. फावडं कुठं ठेवलंयस, म्हणाली. शाळेची घंटा व्हायला तासभर होता. मी कोपऱ्यातली दोन फावडी काढली.